बशीवरचा फोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोनची पिन आत बसेनाच! सकाळपासून खुपसतोय, उलटी करून बघतोय, फुंकर मारतोय. मध्येच एकदा बॅटरीचं चित्र हललं. मी श्वास रोखून तसाच उभा. लगेच गेलं.

लॅब सुटल्यावर परस्पर मोबाइलवालीकडे. पोरगी चुणचुणीत आहे, पण जिभेला हाड नाही. भिंगातून आत बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही लोकांचे दात करता ना? मग याचं तोंड कधी धुतलंत का?" बारीक चिमट्यानं तिनं आतून पांढरं पीठ काढलं. काढतच राहिली. सगळं प्लास्टर! दिवसभर कवळ्यांचे साचे ओतायचे, घासायचे. धूळ भुवयांत, कानांत, खिशात. आणि खिशात फोन.

साफ झालं तरी पिन धरेना. आतली पट्टी वाकलीय म्हणाली. "जोर केलात का?" केला. कवळी अडली की जोर करायचा नसतो हे मी नव्या मुलांना शिकवतो, आणि स्वतः फोनला भोसकत बसलो.

हे मॉडेल जुनं, आतला तो भाग आता येत नाही. "वायरलेस घ्या काका. पिनच नको. नुसता ठेवायचा." नुसता ठेवायचा म्हणे! तिनं तिथल्या तिथे कसलीशी खटपट करून बॅटरी भरून दिली. तेवढ्यावर आजचा दिवस निघाला.

४ फेब्रुवारी, बुधवार

लेकीशी, खारूशी बोलताना मध्येच फोन मान टाकून मोकळा. बॅटरी म्हातारी झालीय. वायर लावून ठेवली की चालायचं, आता वायरच नाही. मग सगळी संध्याकाळ घरात नुसती पसरून राहिली. भात टाकला, गॅस बंद करायला विसरलो, करपला. करपलेला खाल्ला.

हे फोनचं आमचं कसं सुरू झालं? ती नोकरीला लागली, त्या परक्या शहरात, नवी खोली, ओळखीचं काळं कुत्रंही नाही. पाण्याची तपासणी करते, बाटल्याच बाटल्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "बाबा, बोलू नका, नुसता फोन चालू ठेवा. घरात कुणीतरी आहे असं वाटतं." तेव्हापासून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू. तिचा तिकडे, माझा इकडे. साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा. ती तिचं करते, मी माझं. मध्येच "बाबा, मीठ किती घालू?" मध्येच "खारू, खिडकी लाव, थंडी आहे ना?" असं. बोलणं फार नाहीच.

तिच्यासाठीच करत होतो. खारूची आई गेल्यावर घर खायला उठायचं ते बंद झालं, ती गोष्ट वेगळी.

आज लॅबच्या फोनवरून तिला सांगितलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही काही घेऊ नका, भलतंच घ्याल. मी पाठवते."

९ फेब्रुवारी, सोमवार

आलं!

खोका उघडला तर आत बशी. खरंच बशीएवढं, काळं, गुळगुळीत, कडेला बारीक हिरवा दिवा. याला एक वायर आहेच, ती भिंतीत जाते. म्हणजे बिनवायरीचं कसं? पण फोनला वायर नाही, एवढंच खरं.

पहिल्यांदा ठेवला, दिवा लागेना. मग खारू लॅबच्या फोनवर म्हणालेली आठवलं — "कव्हर काढा." कव्हर जाड, चामड्याचं, खारूच्या आईनं आणलेलं, आत लॅबचं ओळखपत्र खोचलेलं. काढलं. ठेवला. टिंग! असा गोड आवाज आला की मी एकटाच "वा!" म्हणालो.

डोळे बारीक करून भोक शोधायला नको. हाताला कंप असला तरी चालतो. प्लास्टरची भीती नाही. येता-जाता ठेवा, उचला. कवळीपेक्षा सोपं! आमच्या गिऱ्हाइकांना कवळी बसवायला शिकवताना अर्धा दिवस जातो.

संध्याकाळी खारूला म्हटलं, "शाबास गं." ती एवढी हसली की तिचे पुढचे दोन मोठे दात पूर्ण दिसले. या दातांवरूनच तिला लहानपणी खारू नाव पडलं. मी कधी सरळ करून दिले नाहीत. छान आहेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बघतो तर फोन थंडगार मेलेला. बशीवर होता, पण जरा तिरका. बोटभर सरकला तर ही बया घासभर वीजसुद्धा देत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

केस कापायला गेलो. सलूनवाल्याला बशीचं कौतुक सांगितलं, तर कात्री थांबवून म्हणाला, "मग कानाला लावून बोलताना चार्ज होतो?" नाही. "झोपून बघताना?" नाही. "दुसऱ्या खोलीत नेलास तर?" नाही रे बाबा. "म्हणजे वायर होती तेव्हा तो तुझ्यामागे यायचा, आता तू त्याच्यापाशी जायचं. याला तू सुधारणा म्हणतोस?" बाजूच्या खुर्च्यांवरचे दोघे हसले. मला राग आला, कारण बोलतोय ते बरोबर होतं.

वर म्हणतो — हळू चार्ज होतं, तापतं, बिल वाढतं. याची बायको असंच काहीतरी वाचून सांगते त्याला. मी म्हटलं, पण भोक खराब होत नाही, पिन मोडत नाही, ओल्या हाताची भीती नाही. "तुझं भोक आधीच खराब झालंय," तो म्हणाला. पुन्हा हशा.

निघताना नेहमीचंच. "दुकान मिटल्यावर पत्ते असतात. ये की. चौथा भिडू सोडून गेला, आम्ही तिघेच डोकी खाजवत बसतो."

"संध्याकाळी माझी मुलगी असते."

"फोनवर."

"हो, फोनवर."

त्यानं ब्रश घेतला. मानेवरचे केस झटकले, तेही जरा जास्तच हळू. कुणी माझ्याशी असं हळू वागलं की मला आवडत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आता कळलं घोळ काय झालाय! साखरेच्या डब्याला टेकवायचा तेव्हा तिला मी दिसायचो, माझी ओट्यापाशी चाललेली लुडबुड दिसायची. आता फोन बशीवर उताणा. तिला दिसतं काय? आमचं छत! उचलून उभा धरला की चार्जिंग तुटतं, आणि बॅटरी तर अशी की बघता बघता संपते. म्हणजे चेहरा दाखवायचा तर फोन मरतो, फोन जगवायचा तर चेहरा नाही.

खारूला सांगितलं. ती हसली, "मग काय झालं? मीसुद्धा तसलीच बशी घेतलीय." जुना फोन तिनं आता या कामालाच लावलाय. तो सदा तिच्या खोलीत बशीवर. नवा घेऊन कामावर जाते. जुन्याला असं काही करून ठेवलंय की माझा कॉल गेला की आपोआप उचलतो. "तुम्हाला ताटकळायला नको बाबा. मी हातातलं काम सोडून धावायला नको. तुम्ही लावा, तो उचलेल. मी येता-जाता बोलेन."

सोय आहे खरी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कॉल लावला. लगेच उचलला. तिचं छत. पांढरं, एका कोपऱ्यात दिव्याची गोल सावली. मी म्हटलं, "खारू, आलो गं." काही नाही. ती आतल्या खोलीत असणार. मी भाजी चिरली. गुणगुणलो. खोकलो. लॅबमधल्या गमती सांगितल्या — एक बाई कवळी परत घेऊन आल्या, म्हणे हे दात हसतात, मला इतकं हसायचं नसतं! हे सांगितलं आणि हसून फोनकडे बघितलं. छत.

ऐकूही नीट येत नाही. घासायच्या मोटरीनं कान गेलेत माझे, डॉक्टर म्हणालेच होते. पूर्वी ऐकू आलं नाही की फोन उचलून कानाशी धरायचो, भागायचं. आता आवाज पूर्ण वाढवून ठेवतो तरी ती काही म्हणाली की मला नुसतं "ब्ब ब्ब" येतं. "काय?" म्हणायचं. ती पुन्हा सांगणार. पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा ती "काही नाही बाबा" म्हणते. हे "काही नाही" मात्र नेमकं ऐकू येतं.

आधी ती येऊन फोनवर वाकायची. एकदम मोठ्ठा चेहरा, "आले बाबा!" आता तीन दिवसांत नाही वाकली. वाकली असेलही. मी तेव्हा वाकलेला नसेन, तर तिलाही छतच दिसणार.

एकटं वाटलं आज. फोन चालू असताना. हे नवीनच आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं! मी कवळ्या करणारा माणूस. तोंडाच्या मापाचं काहीही करून देतो. मग बशीच्या मापाचं करायला काय झालं? बशी उभी राहील असं बूड करायचं. फोन त्यावर टेकून उभा. चार्जिंगही चालू, चेहराही समोर, आवाजही समोर. बाजारात मिळतात म्हणे तसले उभे. पण खारूनं पाठवलेली बशी टाकून दुसरी आणायची? जमणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत बशीचं माप घेतलं. माप घेतात तसंच, पेस्ट कालवून, दाबून धरून. समोर बसून मेणाचं काम करणारी मेणवाली म्हणाली, "कुणाचा हो हा जबडा?" म्हटलं, माझ्या मुलीचा. ती बघतच राहिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

झालं तयार. मालकांना विचारून लॅब उघडली होती. प्लास्टरचा साचा, मग त्यात हिरड्यांचा गुलाबी मसाला ओतला. दुसरा रंग नव्हताच! गुलाबी, ओलसर चकचकीत, अगदी वरच्या हिरडीसारखं. पुढे बशी बसवली, तिच्यावर त्याच मसाल्याचा पातळ पापुद्रा, म्हणजे बशी निसटून पडायला नको. पापुद्रा पातळ, तडकेल. म्हणून आत जाळी घातली. मोठ्या कवळीत घालतो तीच, बारीक तारेची. माझी जाळी घातलेली कवळी आजवर तडकलेली नाही, दगडावर आपटली तरी.

पॉलिश केलं. हात फिरवून बघितला, कुठे टोचत नाही. बऱ्याच दिवसांनी घरच्या माणसासाठी काही केलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

उद्या लावायचं. खारूला आधी सांगितलं नाही. एकदम मी दिसू दे तिला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काय करून बसलो!

संध्याकाळी दाढी केली. स्वच्छ शर्ट घातला. गुलाबी बूड ओट्यावर, फोन उभा, कॉल लावला. उचलला. तिचं छत. मी म्हटलं, "खारू, ये बघ!" आणि म्हटलं, येईपर्यंत कांदा चिरून घेऊ. चिरताना वास आला. आधी वाटलं कढई. मग वाटलं लॅबचाच वास नाकात राहिलाय — मोटरीखाली मसाला तापला की येतो तसला. फोन काळा! हात लावला तर चटका बसला. पाठ फुगलीय त्याची. बूड पण मऊ झालंय.

कॉल लागून किती वेळ झाला असेल? कांदासुद्धा पुरता चिरून झाला नव्हता.

फोनचं सोडा — तिकडे खारू! मी "ये बघ" म्हटलं आणि फोन तुटला. तिला वाटेल मला काही झालं. पडलो, भाजलो, छातीत कळ आली. तिचा नंबर मला पाठ नाही, तो लॅबच्या भिंतीवर लिहिलेला. लॅबची किल्ली मालकांकडे. सलूनवाल्याकडे धावलो, सोमवार, दुकान बंद. परत आलो. तिनं कुणाला तरी सांगून माझ्याकडे पाठवलं असेल म्हणून दार उघडं टाकून बसलोय. कुणी आलं नाही अजून.

पोरीचा जीव टांगणीला लागला असेल आणि मी इथे गुलाबी बूड बघत बसलोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅब उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभा राहिलो. मालक आले, आधी फोन गाठला.

"खारू, अगं मी ठीक आहे—"

"बाबा! एवढ्या सकाळी? मी कामावर निघालेय. काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. काल संध्याकाळी..."

"हो ना, छान वाटलं काल. तुम्ही गुणगुणत होतात, मी ऐकत ऐकत सगळी आवराआवर केली. ते जुनं गाणं म्हणत होतात ना तुमचं?"

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक "हो" म्हणालो. फोन साफ करायला देतोय, दोन-तीन दिवस संध्याकाळी नसेन, एवढं सांगितलं. "बरं बाबा, काळजी घ्या." ठेवला.

काल मी एक ओळसुद्धा गुणगुणलो नाही. कांदा चिरत होतो. आणि त्यानंतर फोन मेलेला होता, सगळी संध्याकाळ.

ती घरी नव्हतीच.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कवळीत दात उलटे बसवले आज. मालकांनी ते काढून पुन्हा माझ्यापुढे ठेवले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन परत आला. मोबाइलवालीनं बॅटरी नवी घातली, बशीही तिच्याकडची साधी दिली. माझ्या गुलाबी बुडाकडे बघून आधी खो खो हसली, मग आतली जाळी दिसली तसं तिनं भिंग उचललं. "काका, यात धातू घातलात? अहो मध्ये धातू आला की तोच तापतो. फोनला वीज मिळायची ती सगळी जाळीनं खाल्ली. चावीची रिंग, नाणं, काहीही मध्ये राहिलं तरी तेच." म्हटलं, कवळी मजबूत व्हावी म्हणून आम्ही घालतो. "कवळीतून वीज जात नाही काका!" बरोबर आहे. माझ्या मजबुतीनंच फोन जाळला.

निघताना तिनं सहज विचारलं, "मग, मुलगी घाबरली असेल ना, फोन तुटल्यावर?"

म्हटलं, "हो, फार."

१ मार्च, रविवार

राग येतोय. लिहूनच टाकतो, नाहीतर तो पोटात सडेल.

नसेल यायचं तर सांग ना! म्हण, बाबा, मला माझी माणसं आहेत, मैत्रिणी आहेत, रोज नाही जमत. मी काय ओढून धरणार आहे? तूच म्हणालीस फोन चालू ठेवा. मी त्या सलूनवाल्याला किती वेळा नाही म्हटलं. मेणवालीच्या मुलीच्या लग्नातून लवकर उठून आलो, जेवण अर्धं टाकून. कशासाठी? एका छतासाठी!

आता एकेक संध्याकाळ काढून बघतोय. ती हसणाऱ्या कवळीची बाई. ती सांगितली तेव्हा होती का खारू? खारूच्या आईच्या आठवणीनं एकदा डोळे पुसायला फोनकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे तिला कळू नये. तिला काय कळणार होतं! रिकाम्या खोलीपासून डोळे लपवले मी.

आपोआप उचलतो म्हणे. सोयीचं आहे.

तरी आजही लावला. लावला नाही तर तिला कळेल की मला कळलंय. मग ती खजील होईल, रडेल, उद्यापासून नाक मुठीत धरून फोनसमोर बसेल. तसली संध्याकाळ मला नको. ती चांगली मुलगी आहे असं तिला वाटत असेल तर वाटू दे.

३ मार्च, मंगळवार

आज एक केलं. कॉल लावला, तिच्या छतानं उचलला. म्हटलं, "खारू, आलो गं." फोन बशीवर नीट मधोमध ठेवला. दिवा हिरवा. कुलूप लावून बाहेर पडलो.

सलूनमध्ये तिघे पत्ते पिसत होते. मला बघून सलूनवाल्याच्या हातातली पानं सांडली. "मुलगी?"

"घरी आहे."

एका अर्थी खरंच. त्यानं खुर्ची ओढून दिली, ती केस कापायचीच, वरखाली होणारी. मला उगाच उंच करून ठेवलं सगळ्यांनी. सपाटून हरलो. परत आलो तेव्हा कॉल चालूच होता. छताशी छत. बंद केला, झोपलो.

५ मार्च, गुरुवार

कालही गेलो होतो. आज दुपारी तिचा लॅबवर फोन.

"बाबा, काल संध्याकाळी घरीच होतात ना?"

"मग? मी कुठे जाणार? तुझीच चाहूल घेत बसलो होतो."

म्हणाली, "बरं." मी पण "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मेणवाली म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय." होतोच! तिचा मंत्र तिच्यावरच फिरवला. लहान मुलासारखा आनंद झाला, आणि लॅब सुटेपर्यंत तो राहिलासुद्धा.

६ मार्च, शुक्रवार

जिंकलो! सलूनवाल्याला दोनदा पाणी पाजलं.

९ मार्च, सोमवार

सलून बंद. घरीच बसावं लागलं असतं. तर बसलो नाही. कॉल लावून दिला आणि रस्त्यानं नुसता चालत राहिलो, नदीच्या पुलापर्यंत गेलो, परत आलो. बेकरीच्या काचेतून एक बाप मुलीला केक निवडू देत होता. ती बोट दाखवायची, तो मान हलवायचा, पुन्हा दुसरा. मी बघत उभा राहिलो तर त्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. निघालो.

पत्त्यांनी वेळ जातो. पण पत्ते पिसताना मी मनात तिलाच सांगत असतो — खारू, बघ, राणी आली. खरं लिहायचं तर राग कधीच ओसरला. तिच्यावाचून करमत नाही, एवढंच उरलंय. तिला विचारावं एकदा सरळ? विचारलं आणि तिनं "हो बाबा, कंटाळा येतो" म्हटलं तर? त्यापेक्षा छत बरं.

१० मार्च, मंगळवार

तिचा पुन्हा लॅबवर फोन. "बाबा, बरे आहात ना?" म्हटलं, ठणठणीत. "संध्याकाळी काय करता?" म्हटलं, तुझ्याशी फोन. "आणि?" आणि काय, जेवतो, गुणगुणतो. तिकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं कट झाला. मग म्हणाली, "ठीक आहे." आवाज कसासाच होता, पण मागे मोटर चालू होती, मला नीट कळलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

खारू आलीय. आत झोपलीय.

पत्ते खेळून आलो तर जिन्यात आमच्या दाराशी, बॅगेवर बसलेली. संध्याकाळपासून. बेल वाजवली म्हणाली, मग दाराला कान लावला. आतून तिच्या शेजारच्या घरातलं बाळ रडताना ऐकू येत होतं, मोठ्यानं. तिच्या खोलीतल्या फोननं टिपलेलं, माझ्या फोनमधून. मला हसूच फुटलं. ती हसली नाही.

मी म्हटलं, "तू तरी कुठे असायचीस? त्या सोमवारी माझा फोन जळला होता. तू म्हणालीस मी गुणगुणत होतो."

तिचा चेहरा उतरला. "त्या दिवशी उशीर झाला बाबा. मैत्रिणीकडे होते. तेवढं एकदाच खोटं बोलले. बाकी रोज मी कामावरून आले की बशीपाशी खाली बसायचे. तुमचं भांडं, तुमचा खोकला, ती हसणाऱ्या कवळीची बाई. हाक मारली की तुम्ही 'काय, काय' करून दमता, म्हणून मारायचे नाही. नुसती ऐकायचे."

मी किल्लीसाठी खिसे चाचपले.

"मग गेल्या आठवड्यात तुमच्याकडून काहीच येईना. भांडंसुद्धा नाही. तेव्हा हाका मारल्या, खूप. विचारलं तर तुम्ही म्हणालात, घरीच होतो. मला वाटलं, मी बोलतेय ते तुम्हाला ऐकू येतंय आणि तुम्ही तिथे नुसते बसून आहात. न बोलता."

कुलूप उघडलं. फोन बशीवर चालूच होता. माझ्या आधी आत जाऊन तिनंच तो बंद केला.